दादाचा ‘वाटी’ नावाचा खेळ

आमच्या परळच्या चाळीतल्या खोलीचे दोन भाग करणारी प्लायवूडची एक फळी होती. घरात सगळे तिला भिंत म्हणत, पण ती छतापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे एका बाजूचा आवाज, वास आणि उजेड दुसऱ्या बाजूला बिनबोभाट जात असे. फळीच्या अलीकडे आईचा ओटा आणि माझी लोखंडी कॉट होती. पलीकडे बाबांची खुर्ची, टीव्ही आणि दादाचं टेबल. सकाळी समोरच्या गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणणारं यंत्र सुरू झालं की ओट्यावरची भांडी हलकेच वाजू लागत. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की रविवारी ते यंत्र बंद असलं की आई दोनदा मान वर करून बघायची, काहीतरी विसरल्यासारखी. त्या सगळ्यात दादाच्या कीबोर्डचा आवाज मला वेगळा ओळखू येई. काम जमत असलं की तो सलग येई. अडलं की एकच बटन पुन्हा पुन्हा वाजे, आणि मग शांतता. ती शांतता मी कॉटवर पडून मोजत असे.

दादाचं नाव विनायक, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला. माझ्या वेळेपर्यंत घरच्यांचं मत बदललं आणि मला दादरच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. त्या एका निर्णयाने एकाच घरात दोन भाषांची मुलं तयार झाली. आई-बाबा आपसात मालवणी बोलत, दादा मुंबईची मराठी बोले, आणि मी कमीत कमी बोले. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की समोरच्याने काही दाखवलं तर आधी त्यातलं चांगलं शोधून सांगावं. मी तेवढंच शिकले. चांगलं सांगून झाल्यावर पुढे काय बोलायचं, ते कुणी सांगितलं नाही, आणि माझ्या स्वभावाला ते सोयीचंच होतं.

आईचं याच्या अगदी उलट होतं. बांगड्याचं तिखलं गॅसवर उकळत असताना ती पळीतला थेंब माझ्या तळहातावर टाकायची. “गो, मीठ बघ.”

“बरं आहे.”

“बरा म्हणजे काय? कमी हा का जास्त, ता सांग. बरा-बरा काय करतंस, मी काय पाव्हणी?”

मी हसून वेळ मारून न्यायचे. मीठ कमी आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. उलट मला फार कळायचं. कुठल्याही गोष्टीत काय बिघडलंय ते मला आधी दिसायचं. बरं काय आहे ते शोधावं लागायचं. पण तोंडातून शब्द बाहेर येताना मध्येच कुठेतरी त्यांची धार जायची.

ती धार मी एका ठिकाणी जपून ठेवली होती. माटुंग्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी इंटरनेटवरच्या एका जाळ्यात लिहायला लागले. तिथे एक मोठी कंपनी आणि तिचे कोट्यवधी लोक असा प्रकार नव्हता. कुणीही आपला छोटासा सर्व्हर चालवायचा, आणि हे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलायचे. तुमच्या नावापुढे तुमच्या सर्व्हरचं नाव लागायचं. लोकांना हे फार अवघड वाटे. मला नाही वाटलं. आमच्याकडे आडनावातच गाव असतं. माझा सर्व्हर व्हिडिओ गेमची आवड असलेल्या दोन-तीनशे लोकांचा होता आणि कुठल्याशा दूरच्या देशातला एक माणूस तो आपल्या घरून चालवायचा. त्याच्याकडची वीज गेली की आम्ही सगळे मुके व्हायचो. समोरच्या मांडणीवर आईची आमसुलांची बरणी होती, ती बघून मी नाव घेतलं, कोकम.

कोकम भीत नसे. ती इंग्रजीत लिही, आणि गेमविषयी रोजची, साधी मतं मांडी. जे दार उघडेल असं दिसतं आणि उघडत नाही, ते दार म्हणजे खेळाने मारलेली थाप आहे. जो खेळ मध्येच थांबवता येत नाही, तो एका खोलीत राहणाऱ्या माणसांसाठी बनवलेलाच नाही. आईने हाक मारली की त्याच क्षणी खेळ जिथल्या तिथे राहिला पाहिजे. अक्षरं इतकी बारीक ठेवणाऱ्याने स्वतःच्या वडिलांना तो खेळ दाखवलेला नाही. असं काहीबाही. लोक ते पुढे पाठवत, वाद घालत, आणि मी कॉटवर पाय पोटाशी घेऊन एकेकाला उत्तरं देत असे. आज वाटतं, मी खरं बोलले ते तेवढ्याच वर्षांत, आणि ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या एकाचाही चेहरा मला माहीत नाही.

दादाने एका सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडली होती ती स्वतःचा गेम बनवण्यासाठी. बाबा एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला होते; औषधांच्या खोक्यांशी सबंध दिवस घालवून घरी आले की ते दादाच्या पाठीमागे उभे राहून स्क्रीनकडे बघत. “कोण खेळतलो ह्यो खेळ?” असं एकदा विचारून झालं होतं. नंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि फक्त मुदत घातली. गणपतीपर्यंत. गणपतीत गेम बाहेर आला तर ठीक, नाहीतर पुन्हा नोकरी. दादाने ते मान्य केलं. बाबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, आणि गणपतीला तेव्हा सहा महिने होते.

गेमचं नाव ‘वाटी’. तीन मजल्यांची चाळ. एक मुलगी एका घरून दुसऱ्या घरी वाटी घेऊन जाते. कुणी खीर दिली, कुणी सुकटीची चटणी, कुणी नुसती चिमूटभर साखर. पण आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा चाळीचा नियम, तोच खेळाचा नियम. कल्पना सुंदर होती. हे मी आजही म्हणते, आणि आज मला खोटं बोलायचं काही कारण नाही. वाटी ठेवल्याचा आवाज हवा म्हणून दादाने आईच्या सगळ्या वाट्या चमच्याने वाजवून बघितल्या होत्या.

“वाटी कित्याक बडवतंस रे? भूक लागली काय?”

“आई, गप ना दोन मिनिटं, रेकॉर्ड होतंय.”

“माझा पण होतला रेकॉर्ड?”

“झालं तुझं.”

तो आवाज, आईच्या त्या हसण्यासकट, त्याने गेममध्ये तसाच ठेवला होता.

नवीन भाग तयार झाला की तो फळीच्या या बाजूला येऊन माझ्या कॉटवर बसायचा आणि फोन माझ्या हातात द्यायचा. मी खेळत असताना तो स्क्रीनकडे बघत नसे, माझ्या अंगठ्याकडे बघे. अंगठा कुठे थांबतो, कुठे चुकतो. मग विचारी, “काय वाटलं मनू? खरं सांग हां.”

“छान आहे.”

“बोअर नाही ना झालं?”

“नाही रे. छान आहे.”

वर्षभर मी हेच सांगत आले. आणि दर वेळी मला दिसत होतं की खेळ मरतो आहे. मुलगी चुकीच्या दाराकडे वळली की लगेच बाण उगवायचा. पाटी यायची. एक मायाळू आवाज म्हणायचा, “ताई, इकडे नाही, तिकडे.” वाटी सांडू शकत नव्हती. प्रत्येक दार उघडायचं, प्रत्येक माणूस हसायचा. खेळणाऱ्याला चुकायची मुभाच नव्हती, मग बरोबर यायची मजा कुठून येणार? आणि आमची चाळ अशी नव्हती, हे दादालाही ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आई वाटी पाठवत नसे. का, ते कुणी सांगत नसे. लहानपणी एकदा मी नकळत तिथून शिऱ्याची वाटी घेऊन आले. ती वाटी आईने धुऊन चार दिवस ओट्यावर तशीच ठेवली. रिकामी पाठवता येईना आणि भरून पाठवायला मन होईना. येता-जाता ती तिच्याकडे बघायची. पाचव्या दिवशी तिने वाटीत गूळ घातला आणि मला म्हणाली, “दारात ठेव आणि ये. बोलू नको.” ते चार दिवस म्हणजे खेळ होता. एवढंच दादाला सांगायचं होतं. एक दार बंद ठेव, एक वाटी ओट्यावर अडकू दे. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

मग दादाला कुणीतरी सांगितलं की छोटे गेम बनवणाऱ्यांचं त्या जाळ्यात ऐकून घेतात. त्याने मलाच मदतीला बोलावलं. मी पहिल्यांदाच बघतेय असा चेहरा करून शेजारी बसले. पहिल्याच पानावर सर्व्हर निवडा म्हणून लांबलचक यादी आली.

“हे काय आहे? शाळेचं ॲडमिशन आहे काय? आधी आत घे ना माणसाला, मग वर्ग विचार.”

“कुठलाही घे. सगळीकडून सगळं दिसतं.”

“मग विचारतात कशाला?”

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी कोकमने तेच लिहिलं, आमच्या घरातलं कुणीतरी म्हणालं असं सांगून. संध्याकाळी दादा फळीवरून डोकं वर काढून ओरडला, “मनू! ही एक बाई आहे, कोकम नावाची. सेम माझंच लिहिलंय तिने! बघ, मी वेडा नाहीय.”

त्या दिवसापासून तो कोकम वाचायला लागला. तिचं जुनं सगळं वाचून काढलं. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा; एका परिच्छेदावर तो पाच मिनिटं असायचा, ओठ हलवत. अडलेला शब्द मला विचारायचा. माझाच शब्द, माझ्याकडून समजून घ्यायचा. “‘क्लटर’ म्हणजे काय गं?” मी म्हणायचे, “पसारा.” तो मान डोलवायचा. “बाईला कळतं यार. नावावरून आपल्यातलीच वाटते. तिने बरा म्हटला तर समज गेम बरा.”

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण कोकम मी आहे हे सांगितलं की वर्षभराच्या ‘छान आहे’चं काय करायचं, हा प्रश्न पुढे उभा राहायचा. जितके दिवस जात, तितका तो वाढत जायचा.

एका सकाळी तो कागद घेऊन आला. कोकमला पाठवायचं पत्र त्याने इंग्रजीत लिहिलं होतं आणि माझ्याकडून तपासून हवं होतं. सुरुवात होती, ‘रिस्पेक्टेड मॅडम’. पुढे त्याने लिहिलं होतं की मी इंग्रजी शाळेत शिकलेलो नाही, चुका असतील तर माफ करा, पण खेळाच्या चुकांना माफ करू नका. मी दोन ठिकाणी ‘द’ घातला. एक स्पेलिंग सुधारलं. ‘रिस्पेक्टेड’ काढायला सांगितलं, तर म्हणाला, “राहू दे. मला वाटतो रिस्पेक्ट.” त्याने ते गेमच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून पाठवलं आणि फळीच्या अलीकडे, उशीखाली, माझा आवाज बंद केलेला फोन थरथरला.

मी उत्तर दिलं नाही. तीन आठवडे दिलं नाही. तो रोज बघायचा. “वाचलं असेल ना तिने? का दिसतच नसेल तिला? या सिस्टिमचा काय भरवसा नाही.” मी म्हणायचे, “बिझी असेल.”

आता सगळं बिघडलं त्या रविवाराविषयी. दुपारची जेवणं झाली होती. बाबा खुर्चीत पेपर पोटावर ठेवून झोपले होते, आई उद्याचे बोंबील साफ करायला मोरीत बसली होती, दादा पलीकडे होता. माझी त्या जाळ्यातली एक मैत्रीण होती, रेवती. इंदूरला असायची, सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. तिने खासगी निरोप पाठवून विचारलं, चाळीवरचा कुठला तरी गेम येतोय म्हणे, तू खेळलीस का? आणि मी लिहीत सुटले. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं. बाण, पाट्या, मायाळू आवाज, सगळी उघडी दारं. हा खेळ माणसाला कुक्कुलं बाळ समजतो, असं लिहिलं. बनवणारा माझा सख्खा भाऊ आहे, तो शेजारी बसून माझ्या अंगठ्याकडे बघतो आणि मी दर वेळी छान आहे म्हणते, कारण त्याने नोकरी सोडलीय आणि मला त्याची दया येते, असंही लिहिलं. रेवतीला नेमका कुठला गेम ते कळावं म्हणून सुरुवातीला गेमच्या खात्याचं नाव टाकलं. पाठवलं.

त्या जाळ्यातल्या खासगी निरोपाची एक खोड होती. पत्रात ज्याचं नाव येईल, त्याच्या घरी पत्राची प्रत जायची. दुसरीकडे कुठेही नाव म्हणजे नुसतं नाव असतं. तिथे नाव म्हणजे पत्ता होता. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. काही महिन्यांपूर्वी कोकमनेच त्यावर लांबलचक लिहिलं होतं, अशा व्यवस्थेत कुणाचं तरी घर मोडेल म्हणून. शेवटी लिहिलं होतं की वापरणाऱ्याची चूक कधीच नसते, चूक मांडणीची असते. शेकडो लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. आजही मी ते वाक्य कधीकधी स्वतःशी म्हणून बघते. त्याचा उपयोग होत नाही.

फळीपलीकडे दादाचा फोन टेबलावर घुर्र करून वाजला. तरीही मला लगेच कळलं नाही. मग माझी नजर पाठवलेल्या निरोपावर गेली. कुणाला पोचला त्यात दोन नावं होती.

मी तो काढून टाकू शकले असते. प्रयत्न केला असता तर निदान काही ओळी त्याच्या नजरेला पडल्या नसत्या. पण मी फोन नुसता हातात धरला. मी ऐकत बसले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. त्याला इंग्रजी वाचायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, त्यामुळे तो आता कुठल्या ओळीवर असेल हेही मला कळत होतं. बाण झाले. पाट्या झाल्या. आता दारं. आता अंगठा. मोरीतून आईच्या सुरीचा आवाज येत होता, एकसारखा.

बऱ्याच वेळाने तो फळीला वळसा घालून आला. कॉटवर बसला नाही, उभाच राहिला. चेहरा रागावलेला नव्हता. शब्द विचारायला यायचा तसाच होता. फोन त्याने माझ्यासमोर धरला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हा शब्द काय आहे?”

‘पेट्रनायझिंग’ असं मी लिहिलं होतं. मी माझा फोन उशीखाली सारला.

“सांग ना. बाकीचं लागलं मला.”

“म्हणजे,” मी म्हणाले, “म्हणजे समोरच्याला लहान समजून... त्याला काही कळत नाही असं धरून, गोड बोलत राहणं.”

त्याने मान डोलवली, ‘पसारा’ला डोलवली होती तशी. मग विचारलं, “कोण? गेम, का तू?”

बाबांची झोप मोडली असावी, पेपर खाली पडला. आईने मोरीतून विचारलं, “काय झाला रे?”

“काय नाय,” दादा म्हणाला. मग हळू आवाजात मला म्हणाला, “बरं. आता मला सांग. तोंडाने. कुठे काय चुकलं? मी ऐकतो. अजून दोन महिने आहेत, करतो दुरुस्त.”

हे तो मनापासून म्हणत होता. हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. सगळं वाचूनही तो मला आणखी एक संधी देत होता आणि स्वतःलाही. मला ओट्यावरची ती वाटी सांगायची होती. चार दिवस, गूळ, बंद दार. शब्द सगळे तयार होते, इंग्रजीत, ओळीने. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “तसं काही नाही रे दादा, ते मी रागात लिहिलं. गेम छान आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फोन खिशात घातला आणि चप्पल घालून खाली गेला. आईने विचारलं, “खंय गेलो ह्यो?” मी म्हटलं, माहीत नाही.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, त्याच निरोपाखाली गेमच्या खात्यावरून उत्तर आलं. फोनवर पहिली ओळ दिसली. इंग्रजीत होती: शेवटपर्यंत खेळल्याबद्दल आभारी आहे. कुठल्याही परक्या खेळणाऱ्याला लिहावी तशी. मजकूर लांब असला की ते जाळं तो दुमडून ठेवायचं आणि खाली ‘पुढे वाचा’ असं यायचं. तसं ते आलं होतं. म्हणजे त्याने बरंच काही लिहिलं होतं, दोन दिवस बसून, आणि या वेळी माझ्याकडून तपासून न घेता. मी ते उघडलं नाही. पुढे काय असेल याची भीती वाटली. उद्या उघडू म्हटलं.

गणपतीची वाट बघावी लागली नाही. त्याच आठवड्यात दादा बाबांना म्हणाला, “झालं. नोकरी बघतो.” बाबांना इतकं बरं वाटलं की ते स्वतः लालबागच्या बाजारात जाऊन मोठी सुरमई घेऊन आले. आईने ती तळली, आम्ही चौघांनी खाल्ली. महिन्याभरात दादाला पुण्याला काम लागलं. टेबल माझ्याकडे आलं. ‘वाटी’ कधीच बाहेर आला नाही. खात्यावर लिहिणंही त्याने बंद केलं. जाताना तो माझ्याशी चांगलाच वागला. तो आजही चांगलाच वागतो. वाढदिवसाला फोन करतो, पुण्याहून येताना माझ्यासाठी बाकरवडी आणतो. नवीन घर घेतलं तेव्हा ते बघायला मला घेऊन गेला. एकेक खोली दाखवली आणि प्रत्येक खोलीतून, मी काही बोलायच्या आत, पुढच्या खोलीत गेला.

कोकमने त्यानंतर काही लिहिलं नाही. रेवतीने दोनदा विचारलं, मग तिनेही सोडलं. बरीच वर्षं गेली. मध्यंतरी आमची चाळ पाडली आणि त्या जागी उंच इमारत झाली, तिच्यात आम्हाला दोन खरोखरच्या भिंती असलेल्या खोल्या मिळाल्या. गेल्या वर्षी त्या दूरच्या माणसाचा निरोप आला. थकलोय, सर्व्हर बंद करतोय, महिनाभरात ज्याने त्याने आपलं आवरून न्यावं. दुसऱ्या सर्व्हरवर जाता येत होतं. ओळखीची माणसं बरोबर येत, लिहिलेलं मागे राही. लिहिलेलं हवं असेल तर त्याचं वेगळं गाठोडं मागून घ्यायचं. मी मागून घेतलं. त्या महिन्यात मी रोज ते उत्तर उघडू शकले असते. एक टिचकी. मी म्हटलं, घाई काय, गाठोड्यात येईलच, मग निवांत वाचू.

सर्व्हर बंद झाल्यावर मी गाठोडं उघडलं. त्यात माझं सगळं होतं. प्रत्येक मत, प्रत्येक टोमणा, त्या रविवारचा निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. दुसऱ्यांनी मला लिहिलेलं एकही अक्षर नव्हतं. गाठोड्यात फक्त आपलं बोलणं मिळतं, हे मी कधीतरी वाचलं असणार. बहुतेक कुणाला समजावूनही सांगितलं असणार.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी दादाला फोन केला. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. इकडचं-तिकडचं झालं, आणि मी विचारलं, “दादा, तेव्हा तू मला काय लिहिलं होतंस?”

“कधी?”

“तेव्हा. ‘वाटी’च्या वेळी. मंगळवारी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?”

“पहिली ओळ वाचली होती.”

“मनू, मला वाटलं तू वाचलंस,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू सगळं वाचलंस आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंस. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं.”

“काय होतं त्यात?”

मागे त्याच्या घरातलं कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “आईला दे फोन.”